रॅस घेण्याआधी विचारा: हा मासा रात्री झोपतो कुठे?

खाऱ्या पाण्याची टाकी लावून सात-आठ महिने झाले, क्लाउनफिशची जोडी रुळली, मऊ प्रवाळ पसरायला लागलं, की पुढचा मासा म्हणून बहुतेकांची नजर रॅसवर जाते. साहजिकच आहे. दिवसभर टाकीभर फिरणारा, प्रवाळाला सहसा तोंड न लावणारा आणि रंगात कुणाला हार न जाणारा दुसरा मासा चटकन मिळत नाही. मग आपण दुकानात जाऊन विचारतो, "रॅस आलेत का?" घोटाळ्याची सुरुवात या प्रश्नापासून होते.

रॅस हे एका माशाचं नाव नाही. लॅब्रिडी नावाचं ते अख्खं कुळ आहे आणि त्यात पाचशेहून अधिक जाती आहेत. दगडाच्या फटीतून हळूच डोकावणारा बोटाएवढा पॉसम रॅस या कुळातला, आणि दोन मीटरच्या पुढे वाढणारा नेपोलियन रॅसही याच कुळातला. आडनाव एक म्हणून स्वभाव एक, असं माणसांत होत नाही. माशांतही होत नाही.

मी ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये चार फुटी टाकीत गेली काही वर्षं हे मासे सांभाळते आहे. नवीन कुणी विचारायला आलं की रंगाबद्दल नंतर बोलू म्हणते आणि आधी एकच प्रश्न विचारायला लावते: हा रात्री झोपतो कुठे? वाळू किती घालायची, दगड कसे रचायचे, मासा आणल्यावर पहिले चार दिवस दिसेल की नाही, हे सगळं या एका उत्तरातून उलगडतं. म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू.

पहिली पायरी: झोपेवरून गट ओळखा

वाळूत झोपणारे. हॅलिकोरिस, लेपर्ड रॅस म्हणजे मॅक्रोफॅरिंगोडॉन, कोरिस आणि अ‍ॅनाम्प्सिस हे सगळे संध्याकाळ झाली की डोकं खाली घालून वाळूत घुसतात आणि सकाळी बाहेर येतात. घाबरले तरी तिथेच जातात. यांच्यासाठी वाळू म्हणजे अंथरूण आणि घराचं दार दोन्ही. वाळूशिवायच्या टाकीत यांना ठेवणं म्हणजे त्यांना रोज रात्री दाराबाहेर उभं करणं आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी या गटातले उत्तम मासे म्हणजे हॅलिकोरिस क्रायसस, ज्याला दुकानात 'यलो कोरिस' म्हणतात, आणि हॅलिकोरिस मेलानुरस. यलो कोरिस हा नावाने कोरिस असला तरी खरा कोरिस नाही, हे लक्षात ठेवा. दोघेही साधारण १२ सेंटिमीटरपर्यंत वाढतात, चटकन खायला लागतात आणि प्रवाळावरचे चपटे किडे, शिंपल्यांना त्रास देणाऱ्या बारीक गोगलगाई वेचून खातात.

दगडात कोष विणून झोपणारे. फेअरी रॅस म्हणजे सिऱ्हिलाब्रस, आणि फ्लॅशर रॅस म्हणजे पॅराकायलिनस. रात्री हे दगडाच्या खोबणीत शिरतात आणि अंगाभोवती चिकट, पारदर्शक श्लेष्माचा कोष तयार करतात. याच कुळाशी अगदी जवळचं नातं असलेल्या पोपटमाशांवरच्या अभ्यासात दिसलं आहे की असा कोष रात्री रक्त शोषणाऱ्या बारीक परजीवींपासून माशाचा बचाव करतो. सकाळी टाकीत एखादा जेलीसारखा तुकडा तरंगताना दिसला तर घाबरू नका, रात्रीची चादर आहे ती. या दोन्ही प्रजातींना, म्हणजे जातींच्या गटांना, वाळूची गरज नाही. दिवसा ते उघड्या पाण्यात वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतात, म्हणून त्यांना पोहायला मोकळी जागा आणि प्रवाह हवा.

फटींत राहणारे. सिक्सलाइन, मिस्ट्री रॅस हे स्यूडोकायलिनस, आणि पॉसम रॅस म्हणजे वेटमोरेला. यांची रात्रही दगडात जाते आणि दिवसाचा बराच वेळही. एकाच प्रकारच्या जागेत राहणारे हे दोघे स्वभावाने मात्र दोन टोकं आहेत. पॉसम लाजरा, सहा-सात सेंटिमीटरचा, कुणाच्या वाटेला न जाणारा. सिक्सलाइन तेवढ्याच आकारात टाकीचा फौजदार. झोपेच्या प्रश्नाला इथे मर्यादा येते, म्हणून पुढच्या दोन पायऱ्या लागतात.

दुसरी पायरी: पिल्लू बघून नाही, बाप्या बघून ठरवा

दुकानात विकायला येतात ती बहुतेक वेळा पिल्लं असतात, आणि रॅसमध्ये पिल्लू आणि मोठा मासा यांचा रंग इतका वेगळा असतो की एकाच जातीचे आहेत हे सांगूनही पटत नाही. लालभडक अंगावर काळ्या कडांचे पांढरे ठिपके असलेलं एक गोजिरं पिल्लू तुम्ही नक्की पाहिलं असेल. ते कोरिस गायमार्डचं. ते ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतं. त्याच्यासारखंच दिसणारं कोरिस फॉर्मोसाचं पिल्लू ६० सेंटिमीटरपर्यंत जातं. दोघेही मोठे झाल्यावर झिंगे, खेकडे, गोगलगाई, समुद्री साळिंदर काही ठेवत नाहीत आणि दगड उलथून खाली काय आहे ते बघतात.

वाहत्या शेवाळाच्या तुकड्यासारखं डुलणारं ड्रॅगन रॅसचं पिल्लू असंच फसवतं. ते वाढून ३० सेंटिमीटरचा, दगड उचलून बाजूला टाकणारा मासा होतो. इंग्रजीत त्याचं दुसरं नावच 'रॉकमूव्हर' आहे. हॅलिकोरिस या शांत मानलेल्या प्रजातीतही चेकरबोर्ड, म्हणजे हॉर्ट्युलॅनस, २७ सेंटिमीटरपर्यंत पोचतो. प्रजातीचं नाव ओळखीचं वाटलं म्हणून डोळे झाकून घेऊ नका.

थॅलासोमा प्रजातीतला मून रॅस आपल्याकडे लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात हमखास दिसतो. हिरवा-निळा, शेपटीवर पिवळी चंद्रकोर. तिथे चष्मा लावून पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाला तो घरी असावा असं वाटतं. तो २५ सेंटिमीटरचा, सतत धावणारा आणि लहान माशांना व झिंग्यांना जेवण समजणारा मासा आहे. सहा फुटांपेक्षा लहान टाकीत, किंवा झिंगे असलेल्या टाकीत, तो नको. बर्ड रॅसचंही तेच. नेपोलियन तर घरच्या टाकीचा विषयच नाही. २००४ मध्ये त्याला साइट्स, म्हणजे धोक्यातल्या वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतलं, आणि समुद्रातच तो संकटात आहे.

अजून एक मासा वगळायला सांगते, आणि हे कळकळीने सांगते: क्लीनर रॅस. निळी-काळी रेघ असलेला हा मासा स्वस्तात मिळतो, आणि 'बाकीच्या माशांचे किडे खाईल' म्हणून विकला जातो. समुद्रात तो दिवसभरात असंख्य गिऱ्हाइकांच्या अंगावरचे परजीवी आणि श्लेष्मा खाऊन जगतो. आपल्या टाकीत गिऱ्हाइकं आठ-दहा. बरेचसे क्लीनर रॅस काही आठवड्यांत झुरून मरतात, आणि जगले तर बाकीच्या माशांना टोचून हैराण करतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या माशाने आरशात पाहून स्वतःच्या अंगावरचा डाग दगडाला घासून काढायचा प्रयत्न केला होता. एवढी समज असलेल्या जिवाला औषधाची बाटली समजून आणू नये. माशांच्या अंगावर खरंच परजीवी असतील तर ते विलगीकरणात बरे करायचे असतात.

तिसरी पायरी: कुणाचं कुणाशी जमतं

रॅसचं भांडण बहुतेक वेळा सारख्या दिसणाऱ्याशी, सारखं खाणाऱ्याशी किंवा नंतर आलेल्याशी असतं. यातून तीन गोष्टी निघतात.

एक: एका जातीचे दोन नर कधीही नको. रॅसमध्ये बहुतेक मासे आधी मादी असतात आणि नंतर त्यांतला सर्वांत दांडगा नर होतो. त्यामुळे एक नर आणि त्याच्यापेक्षा स्पष्टपणे लहान दोन-तीन माद्या अशी जुळणी टिकते. नर मेला तर पुढची मादी काही आठवड्यांत रंग बदलायला लागते. सारख्या आकाराचे दोन मासे घेतले तर दोघांनाही नर व्हायचं असतं, आणि तिथे रोज मारामारी. फ्लॅशरच्या माद्या सगळ्या जातींत जवळजवळ सारख्याच लालसर दिसतात, म्हणून नर आणि माद्या एकाच खेपेतून, एकाच टाकीतून घ्या.

दोन: वेगवेगळ्या जातींचे फेअरी आणि फ्लॅशर एकत्र छान राहतात, आणि एकटा नर काही महिन्यांत फिका पडतो. समोर मादी किंवा दुसऱ्या जातीचा नर असला की तो पंख फुलवून मिरवत राहतो. फ्लॅशरचा नर संध्याकाळच्या उजेडात पंख ताठ करून विजेसारखा चमकतो. तो क्षण बघण्यासाठी मी कितीतरी संध्याकाळी स्वयंपाक सोडून टाकीसमोर उभी राहिले आहे. फेअरीमध्ये सोलोरेन्सिस आणि स्कॉट्स हे अंगाने आणि स्वभावाने दांडगे, त्यांना फ्लॅशरनंतर आणा.

तीन: सिक्सलाइन घ्यायचाच असेल तर सर्वांत शेवटी. आधी आणला तर तो टाकी आपल्या नावावर करतो आणि नंतर आलेल्या प्रत्येक रॅसला कोपऱ्यात दाबतो. पॉसम, फ्लॅशर किंवा लेपर्ड असलेल्या चार फुटी टाकीत मी तो शेवटीही आणणार नाही.

लेपर्ड रॅसबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तो दिसला की मोह आवरत नाही. ठिपक्यांची नक्षी इतकी देखणी असते की हात आपोआप पाकिटाकडे जातो. पण हा मासा दिवसभर दगडावरचे अगदी बारीक जीव वेचून जगतो, प्रवासात लवकर खचतो आणि गोठवलेलं अन्न कित्येकदा ओळखतच नाही. टाकीला निदान वर्ष होऊ द्या, दगडांवर रात्री टॉर्च मारला की कोपेपॉड नावाचे टिंबाएवढे कवचधारी जीव धावताना दिसू द्या, मगच विचार करा. पहिला रॅस म्हणून तो कधीच नको.

जाता जाता एक गोष्ट. २०२२ मध्ये मालदीवच्या समुद्रातून एका फेअरी रॅसची नवीन जात म्हणून नोंद झाली: सिऱ्हिलाब्रस फिनिफेन्मा. दिवेही भाषेत फिनिफेन्मा म्हणजे गुलाब, मालदीवचं राष्ट्रीय फूल. आपल्या मिनिकॉय बेटावरही याच भाषेची बोली बोलतात. वर्णन करणाऱ्यांत अहमद नजीब हे मालदीवचेच शास्त्रज्ञ होते. हा मासा त्याआधी कित्येक वर्षं दुसऱ्याच जातीच्या नावाने विकला जात होता. आपल्या दारातल्या समुद्रातल्या माशाला त्याचं नाव एवढ्या उशिरा मिळालं, हे मला रॅस घेताना नेहमी आठवतं, आणि दुकानातल्या पाटीवरच्या नावावर मी विसंबत नाही. फोटो काढते, घरी येऊन जात पक्की करते, मग पैसे देते.

चौथी पायरी: टाकीची तयारी

सर्वांत आधी झाकण. रॅस उडी मारतात. सगळे मारतात. दिवा अचानक बंद झाला, दुसऱ्याने पाठलाग केला, रात्री कुणी खोलीतला दिवा लावला, एवढं कारण पुरतं. माझा मॅककॉस्कर्स फ्लॅशरचा नर, सहा महिने सांभाळलेला, गाळलेलं पाणी टाकीत परत आणणाऱ्या पाइपाशेजारच्या दोन बोटांच्या फटीतून बाहेर पडला. बाकी सगळीकडे जाळी होती. सकाळी टाकीमागे सापडला. त्या दिवसापासून मी झाकणाला शेवटचं काम मानत नाही, पहिलं मानते.

काचेचं झाकण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी तापवतं, म्हणून जाळी बरी. खिडकीला मच्छरजाळी बसवणाऱ्या माणसाकडून टाकीच्या मापाची पावडर कोटिंगची अ‍ॅल्युमिनियमची चौकट करून घ्या आणि त्यात मच्छरजाळीऐवजी सहा मिलिमीटर भोकांची पारदर्शक नायलॉन जाळी लावा. मच्छरजाळीने उजेड अडतो. पाइप, वायर आणि खायला घालायची जागा यांच्या कडेला कापलेली प्रत्येक फट बोटाने चाचपून बघा. दिव्याला टायमर लावा आणि उजेड हळूहळू मावळेल असं करा. तशी सोय नसेल तर टाकीचा दिवा विझल्यावर खोलीतला दिवा अर्धा तास चालू ठेवा.

वाळू. वाळूत झोपणारे हवे असतील तर निदान पाच सेंटिमीटर, जमलं तर सात, आणि दाणा रव्यासारखा. उपम्याचा जाडा रवा डोळ्यांसमोर आणा, त्याहून मोठा नको. प्रवाळाचा जाड, टोकदार चुरा तोंडाला आणि अंगाला जखमा करतो. अख्ख्या तळाला एवढा थर द्यायचा नसेल तर मागच्या कोपऱ्यात एक पसरट काचेचं भांडं वाळू भरून पुरा, तेही चालतं. किनाऱ्यावरची वाळू घरी आणू नका; तिच्यात काय मिसळलं आहे सांगता येत नाही. दगड वाळूवर नाही, थेट तळावर टेकवा, नाहीतर खाली शिरणारा मासा दगड स्वतःवर ओढून घेईल.

दगड रचताना भिंत बांधू नका. दोन-तीन वेगळे ढीग, मधून आरपार जायला वाटा. पाठलाग होणाऱ्या माशाला नजरेआड होता आलं पाहिजे.

पाणी: क्षार ३५ पीपीटीच्या (हजारी ३५ भागांच्या) आसपास, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६, तापमान २५ ते २६ अंश. मे महिन्यात मुंबई-ठाण्यात चिलरशिवाय पाणी तिशीवर जातं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी टिकतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या. वीज जाते तेव्हा तोच माशांना वाचवतो. टँकरचं किंवा नळाचं पाणी थेट वापरू नका, आरओ आणि त्यानंतर उरलेले क्षार काढणारी डीआय गाळणी, दोन्ही लागतात.

प्रवाळ घेताना कायदा लक्षात ठेवा. सर्व कडक प्रवाळ, समुद्री पंखे, काळं प्रवाळ आणि अग्निप्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आले. आपल्या समुद्रातून काढलेला असा तुकडा 'स्वस्तात देतो' म्हणून कुणी पुढे केला तर तो गुन्हा आहे, आणि समुद्राचं नुकसान त्याहून मोठं. रॅसला कडक प्रवाळ लागतच नाही. मऊ प्रवाळ आणि चांगले दगड त्याला पुरतात.

पाचवी पायरी: दुकानात

घाई नसलेल्या दिवशी जा. टाकीसमोर निदान पंधरा मिनिटं उभ्या राहा किंवा उभे राहा. मग सरळ म्हणा, "दादा, जरा याला खायला घालून दाखवता का?" चांगला दुकानदार लगेच घालतो. मासा धावत आला पाहिजे. नुसता बघत राहिला किंवा तोंडात घेऊन थुंकला, तर आज नको.

बाजूने बघताना पोटाची रेघ आत गेलेली नसावी. वरून बघताना डोक्यामागचा भाग बसलेला नसावा. तो बसला असेल तर मासा आठवडे उपाशी आहे. तोंडाकडे विशेष लक्ष द्या. वाळूत झोपणारे मासे बिनवाळूच्या टाकीत तळावर डोकं आपटतात आणि जबडा दुखावून घेतात. असा मासा खायची इच्छा असूनही खाऊ शकत नाही. शेपटी वर, डोकं खाली असा तिरका पोहणारा, किंवा थांबला की वर तरंगणारा फेअरी खोल पाण्यातून घाईने वर आणलेला असू शकतो. तोही नको. श्वास जोरात चालला असेल, अंगावर पिठीसारखी पावडर दिसत असेल, तर त्या टाकीतला कुठलाच मासा नको, अगदी शेजारचा धडधाकटसुद्धा.

मासा आला त्याच दिवशी घेऊ नका. थोडी आगाऊ रक्कम देऊन आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगा. आग्नेय आशियात काही ठिकाणी आजही सायनाइड वापरून मासे पकडतात, आणि असे मासे सुरुवातीला धडधाकट दिसून नंतर मरतात. आठवडाभर थांबल्याने सगळे नाहीत, पण बरेच धोके दुकानातच उघडे पडतात.

सहावी पायरी: विलगीकरण

वेगळ्या साध्या टाकीत चार आठवडे. क्रिप्टोकॅरिऑन म्हणजे पांढरे ठिपके, आणि अ‍ॅमायलोओडिनियम म्हणजे व्हेल्वेट, हे दोन रोग मुख्य टाकीत शिरले की सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. त्यापेक्षा चार आठवडे स्वस्त.

रॅससाठी यात दोन गोष्टी वेगळ्या. वाळूत झोपणाऱ्याला विलगीकरणातही वाळूचा डबा द्या. जेवणाच्या डब्याएवढा, सात-आठ सेंटिमीटर खोल, बारीक सिलिकाची वाळू भरलेला. प्रवाळाची वाळू तिथे नको, कारण तांब्याचं औषध वापरायची वेळ आली तर ती वाळू तांबं शोषून घेते आणि पाण्यात मात्रा टिकत नाही. कोष विणणाऱ्यांना पीव्हीसीच्या पाइपाचे तुकडे द्या. तांबं वापरायचं झालं तर मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवा आणि रोज टेस्ट किटने मोजा. आणि इथेही जाळी हवी. नवा, घाबरलेला रॅस पहिल्याच रात्री उडी मारतो.

सातवी पायरी: कुणाला आधी, कुणाला नंतर

भिडस्त आधी, दांडगे नंतर. माझ्यासारखी साधारण ३०० लिटरची चार फुटी टाकी धरा. क्लाउनची जोडी आहेच. त्यात मी आधी पॉसम रॅस आणेन आणि त्याला महिनाभर टाकी एकट्याची वाटू देईन. मग मॅककॉस्कर्स फ्लॅशरचा नर आणि दोन लहान माद्या, तिघं एकाच दिवशी. त्यानंतर यलो कोरिस. शेवटी फेअरीचा एकच नर. एवढ्यावर थांबेन. आठ मासे, आणि प्रत्येक रॅसला रात्रीची जागा वेगळी: एक फटीत, एक वाळूत, बाकीचे दगडांच्या खोबणीत.

टाकीत सोडताना थेट सोडू नका. भोकं असलेला पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा डबा मिळतो, तो टाकीत आतून काचेला टांगा आणि नव्या माशाला त्यात तीन-चार दिवस ठेवा. तिथेच खायला घाला. जुने मासे येऊन बघतात, फुत्कारतात, काचेला धडका देतात आणि मग कंटाळतात. कंटाळले की सोडा. वाळूत झोपणाऱ्यासाठी डब्यात वाळूची वाटी ठेवा. सोडल्यावर कुणी पाठलाग करत असेल तर टाकीच्या बाहेरून काचेला दोन-तीन दिवस आरसा चिकटवा. दांडगा मासा आरशातल्या स्वतःशी भांडत बसतो आणि नव्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पंख फाटेपर्यंत पाठलाग होत असेल, तर आशेवर राहू नका. त्या दोघांतला एक परत विलगीकरणात.

आणि आता ते, ज्याने नवीन माणूस हमखास घाबरतो. यलो कोरिस किंवा लेपर्ड सोडताच सरळ वाळूत गडप होतो. एक दिवस, दोन दिवस, कधी आठवडाभर दिसत नाही. मेला असं समजून वाळू उकरू नका. त्याचं शरीर अजून त्याच्या समुद्राच्या घड्याळावर चालतं; तो पूर्वेकडच्या समुद्रातला असेल, तर आपल्याकडे पहाट होते तेव्हा तिथे दिवस चांगला वर आलेला असतो. तो भलत्या वेळी, कधी अगदी पहाटे, दहा मिनिटं बाहेर येऊन परत शिरतो. त्या वेळी थोडं अन्न मिळेल असं बघा. हळूहळू त्याची वेळ आपल्या दिव्यांशी जुळते.

आठवी पायरी: खाणं

रॅसची पचनाची गती मोठी असते. दिवसातून एकदा भरपूर घालण्यापेक्षा तीन वेळा थोडं घाला. गोठवलेला मायसिस, पौष्टिक केलेला ब्राइन श्रिम्प (दोन्ही झिंग्यासारखे बारीक जीव), बारीक दाण्याचं कोरडं अन्न, हे मुख्य.

कोकणातल्या बाजाराचा आपल्याला मोठा आधार आहे. ताजा जवळा मिळाला तर तो आरओच्या पाण्यात दोनदा धुवा, पाणी पूर्ण निथळू द्या आणि बर्फाच्या ट्रेमध्ये छोट्या वड्या करून निदान आठवडाभर गोठवा. फेअरी आणि यलो कोरिस यावर तुटून पडतात. सुकवलेला, खारवलेला जवळा चालत नाही. कोळीणमावशीला विचारून नुसत्या बर्फातला, बाकी काही न मारलेला घ्या. त्या खरं सांगतात. करंदी आणि माकूळ अगदी बारीक चिरून.

न खाणाऱ्या माशासाठी तिसऱ्या. एक तिसरी उघडून, अर्ध्या शिंपल्यात मांस तसंच ठेवून वाळूवर ठेवा. वासाने हट्टी हॅलिकोरिसही येऊन टोचायला लागतो, आणि लेपर्डही कधीकधी. दोन तासांनी उरलेलं काढून टाका, नाहीतर पाणी बिघडतं. रोज देऊ नका. काही शिंपल्यांमध्ये बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, म्हणून अन्न आलटून-पालटून हवं.

हॅलिकोरिस असलेल्या टाकीत अगदी लहान गोगलगाई, नखाएवढे शंखखेकडे आणि लहान नाजूक झिंगे टिकतीलच असं नाही. मोठा क्लीनर झिंगा आधीपासून असेल तर त्याला सहसा कुणी हात लावत नाही.

नववी पायरी: रात्रीची फेरी

पहिला महिनाभर दिवे मावळताना टाकीसमोर बसा. कोण कुठे जातो ते वहीत लिहा. प्रत्येक रॅसची झोपायची जागा एक-दोन आठवड्यांत ठरते आणि मग तो रोज तिथेच जातो. माझा यलो कोरिस डाव्या कोपऱ्यात, पंपाच्या खाली, संध्याकाळी सव्वासातला शिरतो. दिवा चालू असतानाच शिरतो, त्याचं त्याला कळतं.

तासाभराने लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन एक फेरी मारा; लाल उजेडाने मासे सहसा दचकत नाहीत. कोषातला फेअरी आहे ना, फ्लॅशर तिघंही खोबणीत आहेत ना, पॉसम त्याच्या फटीत आहे ना. कुणी उघड्यावर काचेला टेकून झोपलेला दिसला तर त्याला त्याच्या जागेतून हाकललं आहे. दिवसा भांडण दिसलं नाही तरी ते इथे दिसतं, आणि वेळेवर दिसतं. दुसऱ्या दिवशी दगडांची रचना थोडी बदला, एखादा नवा आडोसा द्या, आणि रात्री परत जाऊन बघा तो आत गेला का.